टाच टेकेपर्यंत

मला लिहिता येत नाही. मी बोलतोय आणि आमच्या धानोऱ्याच्या शाळेचे मास्तर लिहून घेताहेत. माझी बोली अहिराणी, मास्तर तिला मराठीचं धुतलेलं धोतर नेसवतात. मी त्यांना एवढंच बजावलंय, की बाकी काय धुवायचं ते धुवा, माझा गाढवपणा धुऊ नका. कुणाच्या घरी कुणाचा पाय आखडून बसला असेल तर त्याला माझ्या पायाचा उपयोग नाही, गाढवपणाचा होईल.

मी उखा पैलवान. पैलवान आता फक्त नावाला उरलाय, पण गावाने एकदा नाव ठेवलं की ते परत घेत नाही.

आवाज

आमच्या तालमीची एक रीत होती. ज्याला गावाने पैलवान ठरवला त्याच्या हातात विळा-खुरपं द्यायचं नाही. गावाने आळीपाळीने त्याला दूध घालायचं आणि त्याने जत्रेत गावाचं नाव काढायचं. वस्ताद म्हणायचे, शेतात ज्याची कंबर वाकली, आखाड्यात त्याची मान वाकते. मला हा शब्द फार पटला, कारण निंदणी मला लहानपणापासून नको वाटायची. माझ्या वाटणीचं सगळं शेतकाम माझी बायको गोजर करायची. एक वर्ष नाही, बारा वर्षं.

मी काय करायचो? हजार बैठका, पाचशे जोर, मग दूध, मग झोप. समोरून बघितलं तर माझी मांडी म्हणजे सागाचं खोड. मागून कुणी बघत नव्हतं, मीही नाही. खाली पडलेली विडी उचलायची झाली तर मला अख्खी बैठक मारावी लागायची, कारण गुडघे न मोडता माझे हात नडगीच्या खाली जातच नव्हते. लोक म्हणायचे, बघा, पैलवान विडीसुद्धा व्यायाम करून उचलतो. मला ते कौतुक वाटायचं.

मोठ्या लढाईच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. होळी होऊन जत्रांचे दिवस आले होते. आमच्या जत्रेत माझ्यासमोर काठी गावाकडच्या डोंगरातला एक माणूस उभा राहिला. जंगलात सागाची लाकडं ओढायचा. अंगाने जवारीचं ताट. होळीत पाच दिवस नाचून आलेला. आखाड्यात उतरताना कमरेचे घुंगरू सोडून बायकोच्या हातात देत होता. मी लोकांकडे वळून विचारलं, याला धरू का याच्यावर धोतर वाळत घालू? लोक हसले. तो हसला नाही. त्याला माझी भाषा कळली नसावी, नाहीतर माझी अक्कल कळली असावी.

मला वाटलं याला उचलू आणि टाकू. धरला. पण तो माणूस मातीत रोवल्यासारखा. वाकून, पाय ताठ ठेवून मी सगळ्या अंगाचा हिसका दिला. आणि फट्ट असा आवाज झाला. जुनं जाड कापड फाटावं तसा.

मला वाटलं लंगोट फाटला. खरं सांगतो, पहिला हात मी लंगोटाकडे नेला. लंगोट शाबूत होता. मग डाव्या मांडीच्या मागून, ढुंगणापासून गुडघ्यापर्यंत, कुणी तापलेली सळई ओढल्यासारखं झालं आणि मी पडलो. तो काठीचा माणूस माझ्यावर बसला नाही. वाकला आणि मला उचललं. गुडघे न मोडता, पेंढीसारखं. आखाड्याबाहेर नेऊन ठेवलं, नारळ घेतला, बायकोकडून घुंगरू घेतले आणि गेला.

बाज

हाडवैद आला. त्याने आंबेहळद लावली. पाय सरळ केला की मी ओरडायचो, गुडघ्यात मोडला की गप्प. वस्ताद म्हणाले, मग मोडूनच ठेवा, ताणला तर आतली दोरी पुरती तुटंल. गुडघ्याखाली गोधडीची गुंडाळी दिली, बांबूच्या कांबट्या लावल्या, पाय विळ्यासारखा वाकडा करून बांधला आणि मला बाजेवर ठेवलं. दूध चालूच. वस्तादांचं म्हणणं, पैलवान पडला तरी खुराक पडू देऊ नये.

त्यांचा दोष नाही सांगत मी. त्यांनी पंधरा दिवस म्हटलं होतं. दोन महिने मी केले.

कारण मजा होती. रोज माणसं बघायला यायची आणि रोज मी कुस्ती सांगायचो. पहिल्या आठवड्यात तो काठीचा माणूस माझ्याएवढा होता. दुसऱ्या आठवड्यात तो दाराच्या चौकटीत मावेना. महिन्याने मी त्याला वाघाच्या झुंजीला बसवला असता. लोक हसायचे, मी हसायचो. गोजर शेतातून यायची, डोक्यावरचा भारा टाकायची आणि म्हणायची, जरा पाय खाली टेकून बघा. मी म्हणायचो उद्या. पाहुण्यांना म्हणायचो, माझी बायको मला उभं करायला बघते, म्हणजे पाणी भरायला लावता येईल.

हे माझं सगळ्यात मोठं आजारपण. मांडी तर जत्रेत फाटली, पण पाय मी बाजेवर घालवला.

दोन महिन्यांनी कांबट्या सोडल्या. मांडी मागून दुखत नव्हती. मी खाली उतरलो आणि गुडघा सरळ होईना. जोर लावला, वस्तादांनी गुडघा दाबला, दोन जण पायाला लोंबकळले. नाही. मी उभा राहायचो तेव्हा उजवा पाय जमिनीवर आणि डावा चवड्यावर. टाच वीतभर वर लटकलेली. अंगणातल्या धुळीत माझा ठसा उमटायचा तो एक अख्खा पाय आणि एक नुसती पाच बोटं. गल्लीतली पोरं त्या ठशावरून भुताच्या गोष्टी सांगायला लागली.

तो ठसा बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. त्या दिवशी कुणी बघायला आलं तर मी झोपल्याचं सोंग घेतलं.

मडम

गहू कापायला नवापूरकडच्या डोंगरातल्या बायका आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्याकडून गोजरला कळलं होतं, की खांडबाऱ्याच्या पुढे दोन कोसावर मिशनचा दवाखाना आहे, तिथे वाकडे पाय सरळ करतात. वस्तादांनी सांगितलं, जाऊ नका, तिथे आधी पाय कापतात, मग धरम. गोजरने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीला बैल जुंपले. नंदुरबारहून आगगाडीत बसलो, खांडबाऱ्याला उतरलो, पुढे पुन्हा बैलगाडी. आगगाडीत मी तीन माणसांना कुस्ती सांगितली. गोजर खिडकीबाहेर बघत होती.

तिथली नर्स होती रूथबाई. नवापूरच्या डोंगरातलीच, शेतकऱ्याची लेक, उंचीला माझ्या छातीएवढी. तिला मी दारातच वस्तादांचं ते पाय आणि धरमाचं सांगितलं. गंमत म्हणून. ती माझं धोतर वर करत म्हणाली, "पैलवानदादा, कापलेला पाय ठेवायला आमच्याकडे जागा नाही. धरम तुमचा तुमच्याकडेच असू दे. पालथे व्हा."

डाक्टरीण गोरी मडम होती. पुस्तकासारखं मराठी बोलायची, एकेक शब्द वेगळा ठेवून. तिने मांडी पुढून दाबली. मग मागून दाबली. मग पुन्हा पुढून. मी काय काय व्यायाम करतो ते विचारलं. मी छाती काढून सांगितलं. ती म्हणाली, पुढे पुष्कळ आहे, मागे काहीही नाही. मी म्हटलं, मडम, पैलवानाच्या मागे कुणी नसतंच, सगळे पुढे असतात. कुणी हसलं नाही. रूथबाईसुद्धा नाही.

मग मडमने एक वेगळीच गोष्ट केली. गोजरची भाकरीची फडकी खाली पडली होती, ती गोजरने उचलली. मडमने तिला थांबवलं, म्हणाली पुन्हा उचला. गोजर बिचारी घाबरली, काही चुकलं वाटलं तिला. तिने फडकी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. गुडघे सरळ, कमरेतून वाकली, दोन्ही तळवे जमिनीला. जशी निंदणीला वाकते, सारवायला वाकते, तशी.

"असे तुम्हाला येते का?" मडमने मला विचारलं. "पाय चांगला होता तेव्हा येत होते का?"

मी म्हटलं, हे तर बायकांचं काम आहे.

"म्हणून त्यांचे फाटले नाही," ती म्हणाली. मग गोजरकडे बघून सांगितलं, की मागची दोरी फाटून जुळली आहे, पण आखूड जुळली आहे. तीन महिने लागतील. टाच टेकेल असं वचन मी देत नाही. नाही टेकली तर हा माणूस जन्मभर असाच चालेल.

हे ती माझ्याशी न बोलता गोजरशी बोलली. त्याचं मला फार लागलं. नंतर वाटलं, बरोबर केलं. त्या खोलीत ऐकून घेणारं माणूस ते एकच होतं.

वीट

दवाखान्याचा दिवस असा. पहाटे घंटा, मग बाहेर मिशनवाल्यांचं गाणं. मला अर्थ कळायचा नाही, पण चाल धरली की दुखणं जरा मागे सरायचं. मग ज्वारीची पेज. मग रूथबाई गरम पाण्याची फडकी घेऊन यायची आणि मांडी शेकायची. आणि मग वीट.

मला खाटेवर पालथं निजवायचे. गुडघ्यापासून खालचा पाय खाटेच्या बाहेर, हवेत. घोट्याला पट्टा आणि पट्ट्याला पिशवीत घातलेली अर्धी वीट. ती वीट हळूहळू पाय खाली ओढायची. चार दिवसांनी अख्खी वीट. मग दीड. पैलवानाला पालथं पडायची सवय असते, पाठ टेकली तर हरला. मी शेजारच्या खाटांना सांगायचो, बघा, दीड महिना झाला, अजून मला चीत करता आलं नाही त्यांना. शेजारी एक हातमोडका गाडीवान होता, तो हसायचा. मग दुपारी सगळे झोपले की मी तोंड उशीत घालून रडायचो. हजार बैठका मारणारा माणूस अर्ध्या विटेपुढे रडतो, हे मास्तर लिहायला तयार नव्हते. लिहा म्हटलं.

दर आठवड्याला मडम मला भिंतीला पाठ लावून उभं करायची आणि टाचेखाली किती अंतर राहिलं ते बोटांनी मोजायची. आलो तेव्हा वीत. मग सहा बोटं. मग पाच. मग पुन्हा पाच. मग पुन्हा पाच.

तिसऱ्या पाचाच्या दिवशी गोजर आली होती. बाजाराच्या दिवशी ती यायची, घरचं सगळं उरकून. मी तिला म्हटलं, जाऊ दे, घरी जाऊ. बाजेवर बसून राहीन, लोक येतात, वेळ जातो. गाव दूध घालतंच आहे. ती भाकरी सोडत होती, थांबली. आवाज चढवला नाही तिने.

"गाव दूध घालत नही आते," ती म्हणाली. "मी घालस. आणि बारा वरीस मी वाकनू, म्हनीसन तुम्ही ताठ उभा ऱ्हायनात. आते माले सांगू नका बसी ऱ्हावानं."

म्हणजे गावाचं दूध थांबलं होतं, आता ते ती घालत होती. ती तिच्या गाडीकडे निघाली तेव्हा मी तिची चाल बघितली. कमरेवर हात ठेवून चालत होती. हे कधीपासून, मला माहीत नव्हतं.

शेण

रूथबाईने सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या सकाळी विटेऐवजी तिने माझ्यापुढे शेणाची पाटी आणून ठेवली.

दवाखान्याच्या मागे एक छप्पर होतं. रोग्यांबरोबरच्या बायका तिथे चुली मांडायच्या. जमीन मातीची, दर आठवड्याला सारवावी लागायची. रूथबाई म्हणाली, ही जमीन आता तुमची. एक नियम, गुडघा मोडायचा नाही. जेवढा सरळ होतो तेवढा सरळ ठेवायचा आणि कमरेतून खाली जायचं.

मी म्हटलं, बाई, मला दोन विटा बांध, पण हे नको. ती म्हणाली, विटेने पाय ओढला, आता तुम्ही ओढा. आणि गेली.

तिथे एक म्हातारी होती, डोंगरातली, तिच्या लेकाला ताप होता. तिची भाषा मला कळायची नाही. तिने माझं वाकणं बघितलं आणि इतकी हसली की तिला चुलीचा धूर लागला. मग उठली, माझं मनगट धरलं आणि हात कसा फिरवायचा ते दाखवलं. अर्धा चांद काढायचा, उजवीकडून डावीकडे, आणि ढुंगण मागे ठेवायचं म्हणजे वजन टाचेकडे जातं. आमच्या वस्तादांनी वीस वर्षांत मला टाच नावाची गोष्ट कधी सांगितली नव्हती.

पहिल्या दिवशी मी सुपाएवढी जागा सारवली आणि नाक शेणात टेकवलं. मांडीच्या मागे अशी आग, की कुणी ओल्या मिरच्या चोळल्यात. चौथ्या दिवशी अर्धं छप्पर झालं. बायका चुली हलवून मला जागा करून द्यायला लागल्या. मडमने मोजलं, चार बोटं.

आषाढात भाताच्या लावणीला रूथबाई रजा घेऊन तिच्या बापाच्या शेतावर निघाली आणि मडमला विचारून मलाही गाडीत घातलं. गुडघाभर चिखलात मी आणि अकरा बायका. भात लावायचं तर वाकून मागे मागे सरकावं लागतं. पैलवानाने मागे पाऊल टाकायचं नाही, ही दुसरी रीत. ती चिखलात गेली. मी रोपं लावत मागे सरायचो आणि समोर वावर हिरवं होत जायचं. माझी ओळ इतकी वाकडी, की बायका तिला नदी म्हणायला लागल्या. पण चिखल चांगला. पडलं तरी लागत नाही आणि टाच कुठे आहे ते कुणाला दिसत नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की दुपारपासून मला पायाची आठवणच आली नाही.

दवाखाना सोडला तेव्हा एक बोट अंतर राहिलं होतं. मडम म्हणाली, हे एवढं कदाचित राहील. रूथबाई म्हणाली, घरी जमीन आहे ना?

ठसा

घरी आल्यावर मी गोजरच्या हातातून पाटी घेतली. गावाला दिवाळीआधी दिवाळी झाली. पैलवान सारवतोय बघायला माणसं दाराशी, माझी कुस्ती बघायला आली नसतील एवढी. वस्ताद आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता, रागापेक्षा दुःखच जास्त.

"उखा, बाईनं काम करी ऱ्हायना तू?"

मी पाटी पुढे केली. म्हटलं, "वस्ताद, गुडघा न मोडता वाकी दखाडा."

त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि वाकले. नडगीच्या वरच अडकले. तिथेच थोडा वेळ राहिले. मग सरळ झाले, एक हात पाठीवर, आणि तालमीकडे गेले. पुढच्या महिन्यात तालमीची ओसरी सारवायला पोरांची पाळी लागली. ते वस्तादांनी कुणाला विचारून केलं, मला माहीत नाही.

मी पुन्हा एक कुस्ती खेळलो. हरलो. पण आखाड्यातून चालत बाहेर आलो. काठीचा तो माणूस परत दिसला नाही, दिसता तर त्याचे घुंगरू मी धरले असते.

आता सांगायचं ते एवढंच. फाटलं की पहिले दिवस पडून राहा, पण दिवस मोजा. दुखत नाही म्हणून पाय वाकडा ठेवू नका. आणि बघायला येणाऱ्यांना गोष्ट एकदाच सांगा.

एक सकाळ मात्र राहिली, त्याच वर्षीच्या धनतेरसची. ओटा मी सारवला, आतली खोली मी सारवली. सारवत मागे सरत दारापर्यंत यायचं असतं, हे मला अजून नीट जमत नव्हतं. मी पाटी आतच विसरलो. घ्यायला ओल्या सारवणावरून गेलो आणि परत आलो. गोजर दारात उभी. तिने बोलायला तोंड उघडलं, सकाळचं अख्खं काम मी तुडवलं होतं. मग ती खाली बघत राहिली.

उजव्या पायाचे चार ठसे होते आणि डाव्या पायाचे चार. डाव्यातले तीन नेहमीसारखे, टाचेच्या जागी पुसट. चौथा, उंबऱ्याजवळचा, अख्खा होता. बोटं, चवडा आणि मागे गोल टाच, पेढा दाबल्यासारखी.

गोजर वाकली. कमरेतून, गुडघे सरळ. तिने हात फिरवून एकेक करून सात ठसे पुसले. मग उभी राहिली आणि मला म्हणाली, बाजूला व्हा, त्याच्यावर पाय पडंल.